काळं अस्वल : रायफल कोणती, गोळी कोणती? – पेनसिल्व्हेनियाच्या नोव्हेंबर हंगामासाठी

पोकोनोकर

नमस्कार मंडळी. मी अ‍ॅलनटाउनजवळ राहतो. शिकार इथे आल्यावरच शिकलो, तीही फक्त हरणाची. माझ्याकडे .२४३ विंचेस्टरची बोल्ट रायफल आहे, १०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे उघड्या शिशाच्या नाकाची गोळी वापरतो आणि हरणावर तिने कधी दगा दिलेला नाही. या वर्षी कामावरच्या मित्राने लायकमिंग काउंटीतल्या त्यांच्या कँपवर अस्वलाच्या हाक्याला बोलावलं आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून चार दिवसांचा हंगाम असतो, तोच.

कँपवर विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एक जण म्हणतो .३०० विन मॅगपेक्षा (विंचेस्टर मॅग्नम) लहान काही आणूच नकोस. तिथले सत्तरी ओलांडलेले एक आजोबा जुनी मार्लिन ३३६ ही लिव्हरची रायफल वापरतात, .३०-३० मध्ये, आणि त्यांना दुसरं काही नको असतं. दुकानदाराने तर ६.५ क्रीडमूर हातातच ठेवली.

जागा म्हणजे डोंगरउतार, ओकची झाडं, खाली माउंटन लॉरेलचं गचपण. साठ-सत्तर यार्डांपलीकडचं दिसत नाही म्हणतात. स्कोपसकट हजार-बाराशे डॉलर घालायची तयारी आहे. नवी रायफल लागणारच नसेल तर तेच पैसे गोळ्या आणि सरावावर घालीन. जनावर जखमी होऊन निघून जाता कामा नये, एवढीच मुख्य काळजी आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

माचाळ

मी मेनमध्ये असतो. इथे आमिषावर, मचाणात बसून शिकार होते, तुमच्याकडे आमिष आणि कुत्रे दोन्ही बंद. त्यामुळे माझा अनुभव जसाच्या तसा तुम्हाला लागू नाही, पण अंतर मात्र जवळपास सारखंच आहे. मी वीस ते चाळीस यार्डांवर बार टाकतो, तुम्ही तीस ते सत्तर यार्डांवर टाकाल.

माझं सांगणं असं की कॅलिबरपासून, म्हणजे गोळीच्या जाडीपासून, सुरुवातच करू नका. आधी अंतर ठरवा, मग गोळी निवडा, रायफल सगळ्यात शेवटी. तुमच्या अंतरावर .३०-३० पासून पुढचं जवळजवळ सगळंच पुरेसं आहे. .३०-३० ची १७० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला साधारण २२०० फुटांनी निघते, ताकद १८०० फूट-पाउंडांच्या आसपास. कागदावर हा आकडा फिका दिसतो. पण चपट्या नाकाची, मध्यम वेगाची जड गोळी जवळच्या अंतरावर फुटत नाही. फुगते आणि सरळ आत जात राहते. आजोबा हट्टी नाहीत, त्यांना जे दिसलं त्यावर ते चालतात.

विन मॅगवाल्या मित्राचं मला पटत नाही. १८० ग्रेनची गोळी २९०० फुटांच्या वर निघते आणि खांद्याला बसणारा दणका .३०८ च्या दीडपट. चाळीस यार्डांवर त्या वेगाने स्वस्त, पातळ आवरणाची गोळी फऱ्याच्या हाडावर आदळली की तिथेच तुकडे होऊ शकतात. वरचं मांस नासतं आणि फुप्फुसापर्यंत पुरेसं काही पोचत नाही. शिवाय दणक्याची धास्ती एकदा मनात बसली की घोडा ओढताना डोळे मिटतात, मनगट झटकतं. ती सवय मोडायला फार वेळ लागतो.

माझी शिफारस : .३०८ विंचेस्टर, १५० ते १८० ग्रेन. किंवा .३०-३०. बस्स.

काजळमाया

मला वाटतं पोकोनोकरांना नवी रायफल नकोच. .२४३ ने अस्वल मरतं. गोळी योग्य जागी लागली तर कॅलिबरला काही अर्थ नाही. माणूस नवी बंदूक घेतो आणि हंगामापर्यंत तिच्याशी हातही बसलेला नसतो, यापेक्षा हातातली बरी.

वैदेही_विस्कॉन्सिन

काजळमाया, ‘गोळी योग्य जागी लागली तर’ यातला ‘तर’ फार मोठा आहे. मी पशुवैद्य आहे, दर शरद ऋतूत शिकारही करते, म्हणून अस्वलाच्या शरीराबद्दल जरा विस्ताराने लिहिते. हे समजलं की गोळीची निवड सोपी होते.

हरणाला गोळी लागली की बहुतेकदा रक्त बाहेर पडतं, पानांवर थेंब दिसतात, माग काढता येतो. अस्वलात असं होईलच असं नाही. नोव्हेंबरात ते थंडीच्या झोपेची तयारी करून बसलेलं असतं. कातडीखाली चरबीचा जाड थर, वर दाट केस. कातडी सैल असल्यामुळे हलताना सरकते आणि भोक झाकून टाकते. चरबी भोकात बुचासारखी बसते. जे थोडं बाहेर येतं ते केस शोषून घेतात. गोळी छातीत उंचावर लागली आणि आतच राहिली, तर छातीची पोकळी आतून रक्ताने भरते आणि अस्वल शंभर यार्ड जातं तरी जमिनीवर थेंब सापडत नाही. लॉरेलच्या जाळीत, अंधार पडत आलेला असताना, त्या शंभर यार्डांत ते कायमचं हरवू शकतं.

म्हणून अस्वलासाठी दोन भोकं हवीत. एक आत जायचं, एक बाहेर पडायचं, आणि बाहेरचं शक्य तितकं खाली. गोळीकडून माझी एवढीच अपेक्षा आहे. .२४३ च्या १०० ग्रेनच्या साध्या सॉफ्ट पॉइंटवर त्याचा भरवसा ठेवता येत नाही. बाजूने, हाड चुकवून, शांत उभ्या जनावरावर ती काम करील. पण हाक्यातलं अस्वल शांत उभं नसतं. ते तिरकं येतं, फांद्यांमागून येतं, आणि तुम्हाला दोन-तीन सेकंद देतं. तिरक्या कोनात गोळीला बरगड्या, कधी फऱ्याचं हाड फोडून पुढच्या बाजूपर्यंत पोचायचं असतं. तिथे जास्त वजन आणि जास्त जाडी लागते.

नेम कुठे धरायचा हेही लिहिते. बाजूने उभं असेल तर आपल्याकडचा पुढचा पाय पुढे पडेपर्यंत थांबा. पायाच्या मागच्या रेषेवरून वर या, शरीराच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर. त्याहून वर नको. पोटाखाली केसांची लांब झालर असते, त्यामुळे दिसणारी खालची कड ही शरीराची कड नसते. अगदी कडेला नेम धरलात तर गोळी केसांतून निघून जाईल. आपल्यापासून तिरकं दूर जात असेल तर उत्तम, पलीकडच्या खांद्याकडे गोळी निघेल असा नेम धरा. समोरून येणाऱ्या अस्वलावर, डोक्यावर, किंवा मागून बार टाकू नका. कवटी उतरती आणि जाड, मेंदू लहान. टाकायचाच कशाला?

माचाळ

वैदेहीताईंनी लिहिलेलं प्रत्येकाने हंगामाआधी पुन्हा वाचावं. माझ्या ओळखीच्या एका शिकाऱ्याचं अस्वल इथे असंच गेलं होतं. बार चांगला वाटला, अस्वल दचकलं, सरळ झाडीत शिरलं. जमिनीवर एक थेंब नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मागावरच्या कुत्र्याने शोधून काढलं, मचाणापासून फार लांब नव्हतंही. रात्र उबदार होती, मांस गेलं. गोळी वरच्या बाजूला लागून पलीकडच्या कातडीखाली चपटी होऊन अडकली होती. त्या माणसाने दुसऱ्या हंगामापासून गोळी बदलली, रायफल तीच.

सडबरीवासी

ओंटारियोतून लिहितो. माझं मत थोडं वेगळं. गचपणात .४५-७० सारखं काही नाही. १८७३ सालचं काडतूस आहे, पण ३०० ग्रेनची गोळी किंवा ४०५ ग्रेनची गोळी जे भोक पाडते ते .३० कॅलिबरला जमत नाही. फुगायची वाटच बघावी लागत नाही, मुळातच जाडजूड आहे. आखूड नळीची लिव्हर रायफल झाडीत वळवायला सोपी, दुसरा बार पटकन बसतो.

लिव्हर घेणाऱ्यांसाठी सुरक्षेची एक गोष्ट. नळीच्या खाली जे लांब मॅगझिन असतं त्यात काडतुसं एकामागे एक बसतात, एकाचं नाक दुसऱ्याच्या बुडातल्या प्रायमरवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या टोपीवर. म्हणून तिथे टोकदार कडक नाकाची गोळी कधीही भरायची नाही. धक्क्याने मॅगझिनमध्येच बार होऊ शकतो. चपट्या नाकाची घ्या, किंवा हॉर्नाडीची लेव्हरेव्होल्यूशन, तिचं टोक मऊ असतं. .३०-३० मध्ये तिची १६० ग्रेनची गोळी आजोबांच्या १७० ग्रेनपेक्षा जास्त लांब सपाट जाते.

आमच्याकडे वसंतातली शिकार १९९९ साली बंद झाली होती, पुढे टप्प्याटप्प्याने परत सुरू झाली. वसंतात पिल्लं बरोबर असलेल्या मादीला हात लावायचा नाही, हा नियम कडक आहे. मी आमिषाच्या पिंपाजवळ बसतो तेव्हा आधी नुसतं बघत राहतो, पिल्लू मागून येतंय का ते. पिंपाचा आणखी एक उपयोग म्हणजे माप. ५५ गॅलनचं उभं पिंप साधारण ३५ इंच उंच असतं. चार पायांवर उभ्या अस्वलाची पाठ पिंपाच्या काठाला लागत असेल तर जनावर मोठं आहे. हाक्यात पिंप नसतं, तेव्हा कान बघा. लहान अस्वलाचे कान डोक्याच्या मानाने मोठे आणि जवळजवळ दिसतात, मोठ्या नराचे लहान आणि दूरदूर, डोक्याच्या बाजूंना चिकटल्यासारखे.

काजळमाया

वैदेही, तुमचं शरीररचनेचं लिखाण वाचून मी माझं मत बदलतो आहे. मी हरणाच्याच हिशोबाने बोलत होतो.

मेळघाटकन्या

मी परतवाड्याची. हा धागा वाचून बरं वाटलं नाही, ते मोकळेपणाने लिहिते. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत अस्वलाने माणूस फाडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तरीही अस्वल मारायचं कुणाच्या मनात येत नाही. इथे तुम्ही सगळे ते अन्नासाठी गरज नसताना मारता. मला खरंच समजून घ्यायचं आहे, का?

धागासंपादक

नवीन वाचकांसाठी : भारतात अस्वलाच्या सर्व प्रजाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, मेळघाट, ताडोबा, ज्ञानगंगेतलं आपलं अस्वल पहिल्या अनुसूचीत येतं. त्याची शिकार गुन्हा आहे. हा धागा अमेरिका आणि कॅनडातल्या परवानाधारक शिकारीपुरताच आहे. मेळघाटकन्या यांचा प्रश्न विषयाला धरून आहे, उत्तरं त्याच आदराने यावीत.

माचाळ

ताई, प्रश्न रास्त आहे. आपलं अस्वल आणि इथलं काळं अस्वल या दोन वेगळ्या प्रजाती आहेत आणि त्यांची परिस्थितीही वेगळी आहे. उत्तर अमेरिकेत काळी अस्वलं सहा लाखांच्या वर आहेत. पेनसिल्व्हेनियाचंच उदाहरण घ्या. तिथे संख्या घटली म्हणून १९७७ आणि १९७८ साली शिकार पूर्ण बंद ठेवली होती. गॅरी ऑल्ट नावाच्या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं गुहेत शिरून माद्या आणि पिल्लं मोजली, अस्वलं एका भागातून दुसऱ्या भागात नेऊन सोडली. आज तिथे संख्या इतकी वाढली आहे की २०१९च्या हंगामात ४,६५३ अस्वलं मारली गेली, तो तिथला विक्रम, आणि तरीही अस्वलं टिकून आहेत.

हे पैसे कुठून आले तेही सांगतो. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर लागतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. परवान्याची फी वेगळी. मी विकत घेतलेल्या प्रत्येक खोक्यातून जंगल राखलं जातं.

आणि अन्नासाठी म्हणाल, तर आमच्या घरी ते मांस शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं जातं. खात नसतो तर मी गेलोच नसतो. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही.

मेळघाटकन्या

सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. पूर्ण पटलं असं म्हणणार नाही, पण संख्या मोजून, हंगाम बंद ठेवून ती पुन्हा वाढवली हे मला माहीत नव्हतं. जखमी जनावराबद्दल तुम्ही सगळे इतकं बोलताय, तेही मनात राहिलं. आपल्याकडे अशी मोजणी झाली तर माणसांचेही जीव वाचतील.

एडिसनकर

न्यू जर्सीत मराठी माणसं भरपूर, त्यांच्यासाठी एक सूचना. वरचं रायफलचं सगळं वाचून कुणी इथे .३०८ घेऊन निघू नका. न्यू जर्सीत मोठ्या जनावरांसाठी सेंटरफायर रायफल चालतच नाही. शॉटगन आणि स्लग (छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी), ठासणीची बंदूक किंवा धनुष्य, एवढंच. अस्वलाची शिकार इथे मध्ये बंद होती, २०२२च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, ती वायव्येकडच्या भागातच.

मी १२ बोरची वापरतो. साध्या, गुळगुळीत नळीची असेल तर रायफल्ड स्लग, एक औंसाचा शिशाचा गोळा, साठ-सत्तर यार्डांपर्यंत भरवशाचा. आटे पाडलेली नळी असेल तर सॅबो (प्लास्टिकच्या कवचातला) स्लग, तो शंभराच्या पुढेही नेमका जातो. एकाचा स्लग दुसऱ्याच्या नळीत चांगला जात नाही, हे विकत घेतानाच विचारा. दणका भरपूर, पण भोकही तसंच. वैदेहीताईंची दोन भोकांची अट स्लग सहज पूर्ण करतो.

अस्वल म्हटलं की आम्हा एडिसनकरांना २०१४ आठवतं. इथल्या एका तरुण भारतीय विद्यार्थ्याचा वेस्ट मिलफर्डजवळ भटकंतीत अस्वलाने जीव घेतला. ते मित्रांबरोबर चालत होते, अस्वल मागे लागलं, ते पांगले. राज्याच्या नोंदीतला तो तसा पहिलाच मृत्यू. बंदूक नसतानाही हे माहीत असावं : काळ्या अस्वलासमोर पळायचं नाही, एकत्र उभं राहायचं, मोठ्याने ओरडायचं, हळूहळू मागे सरकायचं.

नवाग्रीनकार्ड

मध्येच विचारतो, माफ करा. माझा मित्र एच-१बी वर आहे. त्याला हे सगळं करता येतं का?

एडिसनकर

येतं, पण अट आहे. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. अपवादांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना. म्हणजे क्रम असा की आधी शिकारी शिक्षणाचा वर्ग, मग परवाना, मगच दुकान. परवान्याची मुदत संपली आणि घरात बंदूक राहिली तर गुन्हा होतो, आणि त्या गुन्ह्याने इमिग्रेशनचं भविष्य संपू शकतं. काडतुसांचं एक खोकंसुद्धा यात मोजलं जातं. मित्राला वकिलाशी बोलूनच पुढे जायला सांगा. ग्रीन कार्डवाल्याला ही अट नाही, बंदूक विकत घेतानाचा ४४७३ फॉर्म आणि पार्श्वभूमी तपासणी सगळ्यांसारखीच.

बारामतीकर_बॉयझी

आयडाहोतला अनुभव सांगतो, कारण इथे चित्र उलट आहे. आम्ही वसंतात एका उतारावर बसून समोरचा उतार दुर्बिणीने तासन् तास बघतो. अस्वल कोवळ्या गवतावर येतं. मग वारा बघून जवळ जायचं. बार दीडशे ते तीनशे यार्डांवर पडतो. तिथे .३०-३० किंवा .४५-७० मी कुणाला सुचवणार नाही. .२७० विंचेस्टर, ७ एमएम-०८, .३०८, .३०-०६, यांपैकी काहीही. ६.५ क्रीडमूरलाही इथे लोक नावं ठेवतात ते मला पटत नाही. १४० ग्रेनच्या वरची बांधीव गोळी, तीही बाजूने उभ्या अस्वलावर, अगदी व्यवस्थित काम करते आणि दणका इतका कमी की माणूस नेम सोडत नाही. पण पोकोनोकरांच्या गचपणासाठी तिचा काही खास फायदा नाही हेही खरं.

अंतराचा अंदाज येण्यासाठी : .३०८ ची १५० ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर झिरो केली (नेम तिथे अचूक जुळवला) तर दोनशेवर साधारण चार इंच खाली, तीनशेवर जवळजवळ सव्वा फूट. सत्तर यार्डांच्या शिकारीत हा हिशोब विसरून जा.

आणि पश्चिमेत एक जोखीम आहे जी पूर्वेकडे नाही, ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल. मोंटानात अस्वलाचा परवाना घेण्याआधी ओळखीची परीक्षा द्यावी लागते. रंगावर जाऊ नका, इकडची काळी अस्वलं तपकिरी, दालचिनी रंगाचीही असतात. खांद्यावरचा उंचवटा, चेहऱ्याची खोलगट बाजू, पुढच्या पंज्यांची लांब नखं, हे तिन्ही बघा. शंका असेल तर घोड्यावरून बोट काढा.

पोकोनोकर

खूपच मोलाचं मिळालं. .२४३ आता हरणासाठीच. .३०८ कडे मन झुकलं आहे. पण गोळीचे इतके प्रकार पाहिले की दुकानात उभं राहून गोंधळलो. कोर-लोक्ट, पॉवर-शॉक, फ्यूजन, पार्टिशन, अ‍ॅक्युबाँड, टीटीएसएक्स... यातून .३०८ साठी काय? आणि रायफल बोल्ट घ्यावी की पंप (पुढची मूठ मागेपुढे ओढून भरायची)? कँपवर बऱ्याच जणांकडे रेमिंग्टनची पंप रायफल आहे.

वैदेही_विस्कॉन्सिन

गोळीचं मी सांगते. तुमच्या यादीत तीन घराणी आहेत.

पहिलं, साधी सॉफ्ट पॉइंट : कोर-लोक्ट, पॉवर-शॉक. तांब्याचं आवरण, आत शिसं, नाक उघडं. .३०८ च्या वेगाला, १८० ग्रेनमध्ये, अस्वलावर चालते. तुमच्या कँपवरच्या निम्म्या अस्वलांना हीच लागली असणार. हलक्या वजनात मी घेणार नाही.

दुसरं, बांधीव गोळी. आवरण आणि शिसं एकमेकांना पक्कं जोडलेलं, किंवा मध्ये तांब्याची भिंत. फ्यूजन, अ‍ॅक्युबाँड, पार्टिशन. पार्टिशनची कथा आपल्या चर्चेचीच आहे. जॉन नोस्लर १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले होते. त्यांच्या वेगवान गोळ्या चिखलाने माखलेल्या जाड जनावरावर नीट आत शिरेनात. परत येऊन त्यांनी मध्ये आडवी भिंत असलेली गोळी घडवली. पुढचा भाग फुगून झिजला तरी मागचा भाग पुढे जात राहतो. फ्यूजन याच गुणाची पण खिशाला बरीच हलकी. तुमच्यासाठी माझी निवड १६५ किंवा १८० ग्रेनची फ्यूजन, परवडलं तर पार्टिशन.

तिसरं, सगळीच तांब्याची. टीटीएसएक्स. जवळजवळ पूर्ण वजन राखते, आरपार जाते, मांसात शिशाचे कण राहत नाहीत. घरात लहान मुलं हे मांस खाणार असतील तर मी हीच घेईन. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून गोळी लांब होते. १५० ग्रेनच घ्या, १८० ची गरज नाही.

काही घ्या, पण जी घ्याल तिनेच झिरो करा. एका गोळीने जुळवून दुसरी घेऊन जंगलात जाऊ नका, दोन-तीन इंचांचा फरक सहज पडतो.

माचाळ

रायफलचं : बोल्ट घ्या. .२४३ बोल्टच आहे ना? हाताला तीच सवय आहे, सेफ्टीही त्याच जागी सापडेल. पेनसिल्व्हेनियात मोठ्या जनावरांसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफली चालत नव्हत्या, त्यामुळे पटापट बार हवा असणाऱ्यांनी रेमिंग्टन ७६० आणि नंतरची ७६०० डोक्यावर घेतली. सुंदर रायफल आहे, पण आता जुन्या बाजारात शोधावी लागेल आणि हंगाम तोंडावर आहे. टिक्का टी३एक्स, रुगर अमेरिकन, सॅव्हेज ११०, तुमच्या पैशांत यांपैकी एक आणि चांगला स्कोप दोन्ही बसतं. नळी २० ते २२ इंच, जास्त नको, लॉरेलमध्ये अडकते.

स्कोपवर मात्र कंजुषी नको. इथे लोक ४-१२ किंवा ६-१८ पट मोठं दाखवणारे स्कोप घेऊन येतात आणि तीस यार्डांवर नुसते काळे केस दिसतात, अस्वलाचा कुठला भाग ते कळत नाही. २-७ किंवा १.५-५ घ्या आणि सगळ्यात कमी पॉवरवर ठेवून चाला. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास मिळतो, पण त्या वेळी काळ्या अस्वलावर स्कोपमधली नेमाची काळी रेघ (रेटिकल) दिसत नाही. प्रकाशित रेटिकल असेल तर घ्या, नसेल तर जाड रेघांचं.

सडबरीवासी

.४५-७० ला कुणी मत दिलं नाही! असो, .३०८ बद्दल माझी तक्रार नाही. सरावाबद्दल लिहितो. बाकावर पोतं ठेवून झिरो झालं की बाक सोडा. नऊ इंचांची कागदी थाळी पन्नास यार्डांवर लावा. उभं राहून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, जड कोट आणि हातमोजे घालून मारा. ज्या अंतरावर सगळे बार थाळीत पडतात ते तुमचं अंतर, त्यापलीकडे अस्वल कितीही मोठं असो. आणि प्रत्येक बारानंतर डोळा स्कोपमधून न काढता बोल्ट ओढायचा. अस्वल पडलं तरी दुसरी गोळी नळीत हवी. उठलं किंवा हललं तर पुन्हा मारायचं, मांस थोडं जाईल, जाऊ दे.

वैदेही_विस्कॉन्सिन

यात एक भर. बार टाकल्यावर ते कुठे उभं होतं आणि कुठून झाडीत शिरलं, ती दोन झाडं लक्षात ठेवा. कान उघडे ठेवा. मरताना काळं अस्वल कधी कधी लांब, खोल कण्हतं. ऐकू आलं तर शोध लवकर लागेल. नाही आलं तर अर्धा तास थांबा, आणि मागावर एकट्याने जाऊ नका. जवळ जाताना पाठीकडून, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून खात्री करा.

पोकोनोकर

ठरलं. .३०८ टिक्का, २-७ स्कोप, १८० ग्रेन फ्यूजन. .३०० वाल्या मित्राला हा धागा भाषांतर करून सांगितला, तो आपल्या रायफलीसाठी पार्टिशन घ्यायला तयार झाला आहे. आजोबांना वैदेहीताईंचं दोन भोकांचं सांगितलं तर ते म्हणाले, म्हणून तर मी चाळीस यार्डांच्या आत आल्याशिवाय मारत नाही.

नारिंगी कपडे घेतले आहेत, डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंचांचा नियम आहे. हाक्यात किती माणसं, कोण कुठे उभं, कुठल्या दिशेला बार बंद, हे कँपवर कागदावर काढून देतात म्हणे. अजून काही राहिलं का?

माचाळ

दिशेचं मनावर घ्या. हाकारे तुमच्याकडेच चालत येत असतात. ते ओळीत आले की समोरचा बार बंद, अस्वल त्यांच्या आणि तुमच्या मध्ये आलं तरी. तुम्हाला ओलांडून मागे गेल्यावर, पाठीमागे डोंगर असेल तरच.

मिळालं तर लगेच टॅग, पोट तिथेच साफ, आणि २४ तासांच्या आत तपासणी केंद्रावर न्यायचं. तिथे वजन होतं, वय काढायला एक लहान दात काढून घेतात. केंद्र किती वाजेपर्यंत उघडं आहे ते आधी बघून ठेवा. चरबी आणि कातडं उष्णता धरून ठेवतं, म्हणून शक्य तितक्या लवकर सोला. हवा उबदार असेल तर बर्फाच्या पिशव्या पोटात भरा.

वैदेही_विस्कॉन्सिन

आणि स्वयंपाक. अस्वलाच्या मांसात ट्रिकिनेला हा कृमी असू शकतो आणि त्याची थंड प्रदेशातली जात घरच्या फ्रीझरमध्ये मरत नाही. अर्धकच्चं स्टेक अजिबात नको. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसला गेलंच पाहिजे, थर्मामीटर लावून बघा. प्रेशर कुकरमध्ये वाटण घालून रस्सा केलात तर काळजीच नाही. मांस कापलेला पाट आणि सुरी वेगळी ठेवा.

पोकोनोकर

पाट-सुरीचं लक्षात ठेवतो, कुकर आहेच. तपासणी केंद्र कँपपासून कुठे आणि कधी उघडं, ते आज मित्राला विचारून घेतो. शनिवारी रेंजवर जातो आहे. हंगाम झाला की इथेच लिहीन, मिळालं तरी आणि नाही मिळालं तरी.